पहिल्या पानाचा वरचा अर्धा

किस्से आठवायला बसलं की एकही आठवत नाही, असा माझा अनुभव आहे. पण कुणी सहज म्हणावं, "मामा, तुम्ही त्या पेपरच्या गाडीवर होता ना?" की एक निघतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि समोरचा चहा गार होतो. मी काही ते जमवले नाहीत. मी गाडी चालवत होतो, ते मागच्या सीटवर येऊन बसत गेले.

गाडी म्हणजे जीप. ऐंशी सालानंतरची गोष्ट. एका मराठी पेपरने उपनगरांसाठी घाटकोपरला दोन खोल्यांचं ऑफिस टाकलं होतं, तिथे मी ड्रायव्हर. शाळा माझी लवकर सुटली. अक्षरं लागतात, पण सावकाश. त्यामुळे पेपरात नोकरी करूनही पेपर मी फोटोंपुरताच बघायचो.

आणि फोटो काढायला परब. मालवणकडचा गडी, राहायला मुलुंडला, आईबरोबर. बंद, दंगल, लाठीमार, कारखान्याच्या गेटवरची मारामारी, झोपड्यांची तोडातोड, असलं सगळं त्याच्याकडे. लोक जिकडून पळत यायचे, तिकडे आम्ही जीप घालायचो. काचेवर मोठ्या अक्षरांत 'प्रेस' लिहिलेलं होतं. ते वाचून काही लोक वाट द्यायचे, काही दगड मारायचे. ज्यांना वाचता यायचं नाही, ते मात्र नेहमी वाट द्यायचे!

ऑफिसचे मुख्य करंदीकरसाहेब. खुर्चीतून न उठता सगळी उपनगरं सांभाळायचे. आम्ही परत आलो की त्यांचा एकच प्रश्न, "काय मिळालं?"

पहिल्या-पहिल्यांदा मला वाटायचं, आम्ही बाजारात गेलो होतो की काय!

*

एकदा भांडुपला एका कारखान्याच्या गेटवर मोठा मोर्चा होता. आज लाठी चालणार, अशी पक्की खबर. परबाने दोन्ही कॅमेरे घेतले, मी जीपच्या काचा वर केल्या. आम्ही पोचलो तर मोर्चाचे पुढारी आणि पोलिसांचे साहेब एकाच बाकड्यावर बसून कटिंग पीत होते. समझोता झालेला. कामगार एकमेकांना टाळ्या देत घरी निघालेले.

परत आलो. साहेब म्हणाले, "काय मिळालं?"

"काही नाही साहेब. मिटलं."

"कुणालाच लागलं नाही?"

"नाही."

"अरेरे!" साहेब म्हणाले आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. परब भिंतीला टेकून मान खाली घालून उभा. मीही उगाच टोपी काढली.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. आम्हाला असं बघून त्याने ट्रे खाली ठेवला. हळूच परबाला विचारलं, "कोण गेलं का रे?"

परब म्हणाला, "कोणीच नाही गेलं, तीच तर बोंब आहे!"

*

आता त्यात परबाचं काय अडलं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला तो माणूस वाईट वाटेल.

परब टेंपररी होता. कांदिवलीच्या सामंतांची सुलभा त्याने पसंत केली होती, तिने त्याला पसंत केलं होतं. सगळं ठरत आलेलं. पण सामंतकाकांची एकच अट, "जावई पर्मनंट पाहिजे." आणि करंदीकरसाहेबांचीही एकच अट, "परब, पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्यात तुझा एक फोटो लागू दे. मोठ्या ऑफिसासमोर मी तोच ठेवतो आणि तुला पर्मनंट करून घेतो."

वरच्या अर्ध्यात म्हणजे पेपर घडी घालून स्टॉलवर ठेवला की जो दिसतो तो. आणि तिथे कुणाच्या बागेतला गुलाब लागत नाही. तिथे लागतं रक्त नाहीतर मंत्री. मंत्री मोठ्या ऑफिसच्या फोटोग्राफरांकडे होते.

म्हणजे गणित सरळ होतं. मुंबईचं काहीतरी वाईट झाल्याशिवाय परबाचं चांगलं होत नव्हतं.

*

एका रविवारी तो मला घेऊन कांदिवलीला गेला. "मामा, तुम्ही असलात की ते जरा कमी विचारतात," म्हणाला.

सामंतकाका फार सज्जन माणूस. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. मुंगीला पाय लागला तर मागे वळून बघतील, असे. त्यांनी पोहे पुढे केले, पेपर हातात घेतला आणि एक सुस्कारा टाकला.

"काय हो परब, आठवडा झाला, सगळीकडे शांतता!"

"हो ना काका."

"मुलुंडला ते काहीतरी होणार होतं ना?"

"ते मिटलं."

"आणि अंधेरीला?"

"तिथे सुरूच झालं नाही."

काकांनी पेपर बाजूला टाकला. "असंच चाललं तर यंदाचे सगळे मुहूर्त जायचे!"

आतून सुलभा बाहेर आली. "बाबा, तुम्ही काय बोलताय कळतंय का? दंगलीची वाट बघताय तुम्ही!"

काका एकदम कानाला हात लावून म्हणाले, "छे छे! दंगल नको गं. नुसता थोडा तणाव."

मग जरा वेळ विचार करून परबाला म्हणाले, "आमच्या सोसायटीत दर मंगळवारी पाण्यावरून भांडण होतं. बायका जोरात असतात. चालेल का?"

*

मुलुंडला एका बंदच्या दिवशी चेकनाक्याच्या अलीकडे एक बस अडवली होती. प्रवासी उतरून गेलेले, ड्रायव्हर एकटाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. एक तरणाबांड पोरगा दगड घेऊन पुढे झाला. परब धावत गेला, कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. फ्लॅश पेटलाच नाही!

त्या वेळचे फ्लॅश तसलेच. एकदा पेटला की परत भरायला वेळ घ्यायचा, बारीक शिट्टी वाजत राहायची, मग लाल दिवा लागायचा.

पोराने दगड मारता मारता हात आवरला. "काय झालं? आला का?"

"नाही रे. फ्लॅश भरतोय."

"मग थांबतो. झाला की सांगा."

आणि तो खरंच थांबला! हात वर, हातात दगड, शर्ट नीट खोचलेला. मागची पोरंही थांबली. बसमधून ड्रायव्हर ओरडला, "अहो, काय ते लवकर उरका! मला डेपोत गाडी लावायचीय!"

लाल दिवा लागला. पोरगा म्हणाला, "मारू?"

 जीपमधून मला परबाची मान दिसत होती, ती घामाने भिजली होती. वरचा अर्धा समोर उभा होता, नुसतं "हो" म्हणायची खोटी. परबाने कॅमेरा खाली घेतला.

"हे बघ, तुला मारायचा तर मार. मला विचारू नको."

"तुम्ही काढणार असाल तर मारतो ना."

"मी काढणार नाही असं समज."

"मग उगाच कशाला मारू?" पोरगा म्हणाला. दगड टाकला, हात झटकले, आणि वर परबालाच सुनावलं, "टाइमपास करता राव तुम्ही लोक!"

बस डेपोत गेली. अख्खी.

ऑफिसात साहेब म्हणाले, "काय मिळालं?"

परब म्हणाला, "शिव्या."

*

आईला त्याने खरं सांगितलंच नव्हतं. लग्नाचे फोटो काढतो, असं सांगून ठेवलेलं. म्हातारीला बरं वाटायचं. मुलगा रोज कुणाच्या ना कुणाच्या मंगलकार्यात असतो म्हणून.

एक दिवस त्याच्या कपाळाला वीट लागली. टाके पडले, डोक्याला हे एवढं बँडेज. मी धरून घरी घेऊन गेलो. म्हातारी दारातच.

"बाबू, डोक्याक काय झाला रे?"

"काय नाय गो आये. दगड लागलो."

"दगड? लग्नात?"

परब माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो.

"मुलीकडची माणसां वाईच रागावली होती," परब म्हणाला.

म्हातारीने त्याला खाली बसवलं, बँडेजवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मगे जेवान तरी बरा होता मां?"

*

पिंटो म्हणून एक होता. अंधेरीचा, इंग्रजी पेपरचा फोटोग्राफर. पेपर वेगवेगळे असले तरी या लोकांचा आपसात एक रिवाज होता. कुणाचा कॅमेरा फुटला, कुणाचा रोल पोलिसांनी काढून घेतला, तर दुसरा आपल्यातली एक फ्रेम त्याला द्यायचा. सगळ्यात चांगली द्यायची नाही, पण द्यायची. त्याबद्दल कुणी आभार मानायचे नाहीत.

घाटकोपर स्टेशनबाहेर एकदा खरंच लाठी चालली. माणसं सैरावैरा. चपलांचा हा ढीग. त्यात एक म्हातारे गृहस्थ पडले, त्यांच्या हातातली भाजीची पिशवी फाटून वांगी रस्त्यावर. मागून लाठ्या येतायत. परब त्यांच्यासमोर, कॅमेरा तयार, फ्लॅश भरलेला. मी मनात म्हटलं, झालं हो सामंतकाका, बघा मुहूर्त!

परबाने काय केलं? कॅमेरा माझ्या बॉनेटवर ठेवला आणि म्हाताऱ्यांना उचलायला गेला. एका हाताने माणूस, एका हाताने वांगी.

पिंटो पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याने खट्कन काढला.

नंतर आला, परबाच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी यार परब. काय करणार, फ्रेमच तशी होती. मस्त उचलत होतास तू!"

परब म्हणाला, "माझ्याकडे काहीच नाही रे. एक फ्रेम देतोस?"

"देतो ना! रिवाज आहे आपला." पिंटो जरा थांबला. "पण मॅन, सगळ्यांत तूच आहेस!"

दुसऱ्या दिवशी पिंटोच्या पेपरात परब छापून आला. पहिलं पान, वरचा अर्धा, अगदी मधोमध. दुसऱ्या पेपरच्या माणसाचं नाव ते कसं छापणार? खाली लिहिलेलं, एक अज्ञात नागरिक.

करंदीकरसाहेबांनी तो पेपर परबासमोर टेबलावर आपटला. "पोचलास एकदाचा! पण कुणाच्या पेपरात? आणि कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला?"

सामंतकाकांनी मात्र फोटो कापून कपाटाच्या काचेवर आतून चिकटवला. आल्या-गेल्याला दाखवायचे. कुणी विचारलं, "जावई का?" की म्हणायचे, "अजून नाही. अज्ञात नागरिक."

*

आणखी एक छोटासा सांगतो, मग शेवटचा.

एका दंगलीनंतर एक इन्स्पेक्टर ऑफिसात आले. म्हणाले, तुमच्या परबांनी काढलेले जमावाचे फोटो दाखवा, आम्हाला माणसं ओळखायचीत. परबाच्या तोंडचं पाणी पळालं. फोटोत चेहरे स्वच्छ होते. ज्यांचे होते त्यांच्या घरांवरून आम्ही रोज जात होतो. देऊ नये तर ऑफिसवर बालंट, द्यावे तर उद्यापासून त्या गल्लीत पाय ठेवता येणार नाही. आणि गल्लीत पाय ठेवता आला नाही, तर वरचा अर्धा कुठून येणार?

साहेबांनी फोटो टेबलावर मांडले. बघा म्हणाले.

इन्स्पेक्टरनी एकावर बोट ठेवलं. एक दांडगा माणूस, साधा शर्ट, हातात काठी, सगळ्यांच्या पुढे. "हा! हाच पुढारी. कोण हा?"

परब खाकरला. "साहेब, तो तुमच्याबरोबर आलाय. बाहेर बाकावर बसलाय."

इन्स्पेक्टरनी दाराबाहेर बघितलं. परत फोटो बघितला. मग सगळे फोटो गोळा करून, कडा जुळवून, साहेबांना परत दिले.

"तुमचा कॅमेरा सर्व्हिसिंगला द्या," म्हणाले. "चेहरे नीट येत नाहीत."

*

हा शेवटचा.

मोठ्या ऑफिसातून निरोप आला होता. घाटकोपरची टेंपररी जागा बंद करायची, नाहीतर तिथे पर्मनंट माणूस भरायचा, दोन्हीपैकी एक लवकर ठरवा. करंदीकरसाहेबांनी परबाला आत बोलावलं. ओरडले नाहीत. ते ओरडले नाहीत की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"परब, उद्या सकाळी डोंगरामागची वस्ती तोडणार आहेत. पोलीस भरपूर असणार. लोक ऐकणार नाहीत. हा तुझा शेवटचा चान्स. म्हातारी माणसं उचलू नकोस, पोरांना सल्ले देऊ नकोस. फक्त फोटो काढ."

"हो साहेब."

"रोल एकच आहे. जपून."

सकाळी आम्ही तोडायला येणाऱ्या पथकाच्या आधीच पोचलो. आभाळ भरलेलं, बोळ अंधारे. परबाने जीपमधून उतरून गळ्यात कॅमेरा अडकवला आणि फ्लॅश लावला. पहिल्याच दारात एक बाई भांडी घासत होती, अनसूया नावाची. तिने वर बघितलं आणि राखेचे हात तसेच वर करून बोंब ठोकली, "अगो बायांनो, या गो! फोटोपासवाले आले!"

फोटोपास काय, ते आता पोरांना माहीत नसेल. झोपडीच्या दारासमोर घरातली सगळी माणसं उभी करून सरकार फोटो काढायचं आणि तो कागदावर लावून द्यायचं. तो ज्याच्याकडे, त्याची झोपडी खरी. ज्याच्याकडे नाही, त्याची खोटी. मग आत माणसं जेवत असली तरी. या वस्तीत कुणाकडेच नव्हता. म्हणून तर ती तुटणार होती.

परब म्हणाला, "अहो बाई, मी सरकारी नाही. मी पेपरवाला."

"पेपरवर लावा नायतर पुठ्ठ्यावर लावा," अनसूया म्हणाली. "दारावरचा नंबर तेवढा दिसू द्या."

"याने पास मिळत नाही बाई!"

"काढायच्या आधीच कसं सांगता?"

परबाने कपाळाला हात लावला. तोवर तिने नवऱ्याला झोपेतून उठवून, तोंड पुसून, दारात उभं केलं होतं. मुलांच्या केसांना पाणी लावलं होतं. स्वतः आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली. चौघं अशी ताठ उभी राहिली की परबाचा हात आपोआप वर गेला. एक काढू, आणि सुटू, असं त्याच्या मनात असावं.

एक काढला आणि रांग लागली!

मी गाडी चालवताना खूप रांगा बघितल्या, पण अशी नाही. एक आजोबा म्हणाले, "दाढी करून येतो, थांबा." एकीने शेजारणीकडून मंगळसूत्र मागून आणलं. वस्तीत एकुलतं एक चांगलं घड्याळ होतं, ते प्रत्येक दारात पुढच्या पुरुषाच्या मनगटावर जायचं. एक बाई रडायला लागली, तर दुसरी तिच्यावर खेकसली, "रडू नको गं भवाने! रडका फोटो आला तर पास देतील का?"

परब मधेमधे ओरडत होता, "अहो, हे खोटं आहे! याने काही होणार नाही!" कुणी ऐकत नव्हतं. शेवटी तो माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "मामा, काय करू? रोल संपत आला."

मी काय सांगणार? मी म्हटलं, "शेवटचं घर राहिलंय. ते लोक बघतायत."

त्याने शेवटच्या घराकडे बघितलं. एक बाई, एकटीच, दाराला धरून उभी होती, पदर नीट केलेला. परब गेला. काढला.

आणि तेव्हाच खालून पथकाच्या गाड्या आल्या.

घण, पहारी, पोलीस, आणि पुढे सफारी सुटातले त्यांचे साहेब. हुकूम सुटला. अनसूया त्या ठेवणीतल्या लुगड्यात आपल्या दारासमोर आडवी झाली. एका हवालदाराने लाठी उचलली. वर लाठी, खाली बाई, मागे दारावरचा नंबर. मला फोटोतलं काही कळत नाही, पण तो वरचा अर्धा होता, हे मलाही कळलं.

परबाने कॅमेरा लावला. फिल्म पुढे सरकवायची फिरकी ओढली. ती जागची हलेना, रोल संपला होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग रोल गुंडाळून बाहेर काढला, माझ्या मुठीत दिला, कॅमेरा बंद केला, आणि रिकामा कॅमेरा घेऊन तो सरळ त्या लाठीखाली घुसला. बटण दाबलं. फ्लॅश पेटला.

लाठी वरच राहिली. हवालदाराने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग लाठीकडे. मग लाठी हळूच खाली घेऊन काखेत मारली आणि टोपी सरळ केली.

तिकडे दुसऱ्या दारावर घण उचलला. परब तिकडे. फ्लॅश! घणवाल्याने घण खाली ठेवून शर्टाची बटणं लावली. पलीकडे पहार. फ्लॅश! जिथे हात वर होईल तिथे परब, आणि जो उजेडात येईल तो शहाण्यासारखा उभा राहतोय! फ्लॅश भरेपर्यंत परब नुसतं बोट वर करून "एक मिनिट हां, एक मिनिट" म्हणायचा, आणि अख्खं पथक एक मिनिट थांबायचं.

असं किती वेळ चाललं, देव जाणे. शेवटी सफारीवाले साहेब पुढे आले. मला वाटलं, आता कॅमेरा उघडायला लावतात. मेलो!

साहेबांनी खिशातून कंगवा काढला. मिशांवरून फिरवला.

"कुठला पेपर?"

परबाने सांगितलं.

"असं छापा, की कारवाई शांततेत पार पडली."

"पण साहेब, कारवाई झालीच नाही."

"म्हणून तर शांततेत!" साहेब म्हणाले. "माझा एक घ्या. वस्ती मागे येऊ दे."

"जरा उजवीकडे सरका. हां. थोडं हसा, साहेब."

फ्लॅश पेटला. साहेबांनी कॉपी पाठवायला बजावून सांगितलं, पथक गाड्यांत बसलं, गाड्या उतरल्या.

ऑफिसात परबाने रोल धुतला, ओलाच करंदीकरसाहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दारंच दारं आणि दारांत ताठ उभी राहिलेली माणसं.

"लाठी कुठाय?"

"खाली आली, साहेब."

"वर गेली होती ना?"

"गेली होती."

"मग तेव्हा फोटो काढला नाहीस?"

"काढला. म्हणून तर खाली आली."

"मग तो कुठाय?"

"तो आला नाही."

साहेबांनी रोल तसाच धरून ठेवला. परबाने विचारलं नाही, मी विचारलं नाही, पण त्या रोलमध्ये पर्मनंट कुठेच नव्हतं, हे तिघांनाही दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी उचलला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला दारात ऐकू आलं. सफारीवाले साहेब होते. "तुमचा माणूस फार मेहनती! एवढे फोटो आमच्या लग्नात कुणी काढले नव्हते! माझा कसा आलाय? वरिष्ठांना दाखवायचाय. तो हातात येईपर्यंत मी त्या वस्तीत परत जात नाही. आधी काय छापून येतंय ते बघू दे."

करंदीकरसाहेबांनी फोनवर हात ठेवला. "परब, या गृहस्थांचा फोटो?"

परबाने मान हलवली. नाही.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग हात काढला आणि फोनमध्ये म्हणाले, "सुंदर आलाय साहेब! मिशा तर फारच छान. डेव्हलप होतोय."

फोन ठेवला. रोल खिळ्याला टांगला. आणि त्या ऑफिसात मी आल्यापासून पहिल्यांदाच, बातमी द्यायला साहेब खुर्चीतून उठले. कोट घातला.

"परब, तुझ्या त्या सासऱ्यांचं घर कांदिवलीत कुठे आहे रे?"

"साहेब, पण..."

"तू इथेच बस. त्या माणसाचा परत फोन आला तर सांगायचं, अजून डेव्हलप होतोय. आज आला, उद्या आला, पुढच्या वर्षी आला तरी हेच. म्हणजे फोनपाशी माणूस पर्मनंटच लागणार, ते तुझ्या सासऱ्यांना मीच सांगून येतो." साहेबांनी दार उघडलं. "मामा, गाडी काढा."